अमावास्येची रेघ

“भाऊसाहेब, जास्त शेतं धराल तर तुमालाच जास्त मिलनार. मग तुमी धरनार नाय तर काय?” गावातले शेतकरी पांडूकाका भर सभेत म्हणाले आणि माझा तिळपापड झाला.

मी तेव्हा सातपाटीच्या खाडीकाठच्या एका गावात तलाठी होतो. साठच्या दशकातली गोष्ट. समुद्राचं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून तिथे मातीचा लांब बांध घातलेला असतो, त्याला खारबांध म्हणतात. त्याच्या डागडुजीचा खर्च ज्यांची शेतं त्यामुळे वाचतात त्यांनी भरायचा, ही खारपट्टी. कोणाचं शेत पट्टीत धरायचं ते तलाठ्याने ठरवायचं, वसुलीही त्यानेच करायची. हे जादा काम, म्हणून वसुलीतला थोडा हिस्सा त्याला मिळायचा. मी खूश होतो. सभेपर्यंत!

तणतणत पालघरला गेलो. मामलेदारांना म्हटलं, “रावसाहेब, मला तो हिस्सा नको.”

“वा! तुम्ही सोडलात की उद्या सगळ्या तलाठ्यांना फुकट राबवतील,” ते म्हणाले. वसुली माझ्याकडेच ठेवून त्यांनी शेतं ठरवायला मासवणकडचे तलाठी पाठवले. त्यांचा मोबदला ठरीव. शेतं कमी धरा नाहीतर जास्त, त्यांना फरक नव्हता.

गृहस्थ डोंगराकडचे. आले नेमके अष्टमीला. अष्टमीला भांगाची भरती, म्हणजे पाणी जेमतेम चढतं. त्या दिवशी खाडी अगदी गरीब गाय झाली होती. त्यांनी बांधाजवळची शेतं तेवढी धरली आणि रेघ ओढली. पांडूकाकांचं शेत बाहेर राहिलं. काकांनी त्यांना चहा पाजला. मला दिसत होतं की हे चुकतंय, पण बोललो असतो तर पैशासाठीच बोलतोय असं झालं असतं. त्यांची यादी तशीच उतरवून घेतली.

मग अमावास्या आली. भरदुपारी उधाण चढलं आणि खेकड्यांनी पोखरलेल्या जागी बांध फुटला. गावचा रिवाज असा की पट्टीत असलेल्या प्रत्येक घराने माणूस आणि टोपली घेऊन धावायचं. काकाही धावले. तिथली पोरं हसून म्हणाली, काका, तुमचं शेत पट्टीत नाय, तुमी घरी जा. तोवर काकांच्या शेतात पोटरीभर खारं पाणी होतं. पेरणी व्हायची होती, पावसात मीठ धुऊन जाणार होतं, म्हणून निभावलं. तरी काकांचा चेहरा बघून मला खरंच वाईट वाटलं.

संध्याकाळी ते चिखलाच्या पायांनीच माझ्या ओटीवर आले.

“भाऊसाहेब, माजं शेत धरा.”

“धरलं तर मला जास्त मिळतील, काका.”

“मिलूदे. पन रेघ आज पानी आलं तितं मारा.”

पुन्हा मासवणचे तलाठी आले, पाण्याची खूण अजून ओली होती. या खेपेला कोणी वाद घातला नाही. पहिली पट्टी काकांनी भरली आणि त्यातले माझे किती, तेही जाताना विचारून घेतलं.

तलाठ्याला कामाचे पैसे जरूर द्यावेत. रेघ मात्र समुद्राला ओढू द्यावी, त्याला हिस्सा लागत नाही.