वाघाची टाच
फुटबॉल क्लबात खेळाडूंचे पाय रगडून देणाऱ्या मावशीला लहानपणी ग्रीक वीरांच्या गोष्टींनी झपाटलं होतं. वडील छापखान्यातली वाया गेलेली पानं घरी आणत. ती त्यातले वीर कापून खाटेजवळच्या भिंतीला चिकटवी. तिचा सगळ्यात लाडका तो, ज्याला आईने जादूच्या नदीत बुडवून काढलं आणि त्याच्या अंगाला शस्त्र लागेनासं झालं. फक्त आईने धरलेली टाच कोरडी राहिली, आणि पुढे तिथेच बाण लागून तो मेला. "मग दुसरी टाच धरून पुन्हा बुडवायचं ना!" म्हणत पोर रुसून जेवली नव्हती. वडील हसले होते. तिला त्या आईचा राग अजूनही येतो.

आता तिच्यासमोर टेबलावर क्लबचा 'वाघ' पडला होता. मिसरूड नुकतं फुटलेलं पोरगं. कधीतरी मैदानात जाताना त्याने दाराच्या पायरीवर टाच आपटली आणि त्याच दिवशी गोल मारला. झालं! तेव्हापासून त्याने टाच आपटल्याशिवाय लोक सामना सुरू होऊ देईनात. दगडी पायरी ती, गादी आहे की काय? टाचेमागची शीर सुजून टम्म झाली होती. डॉक्टरांनी खेळायचं नाही म्हणून बजावलं होतं, तुटली तर कायमचा लंगडशील म्हणाले होते.

मॅनेजर दारातून म्हणाला, "नुसती टाच आपट, थोडा वेळ पळ आणि परत ये. लोक त्यासाठीच आलेत."

लोक! स्वतःचा जिना चढताना कण्हणारे लोक, आणि देव करायचं ते दुसऱ्याच्या पोराला! मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने मॅनेजरला बाहेर काढलं, आतून कडी लावली आणि पोराची टाच दोन्ही हातांनी धरली.

"मावशी, सोड ना! वाट बघताहेत सगळे."

"बघू देत."

खोलीच्या वरच्या प्रेक्षकांच्या बाकांवर लोक पाय आपटू लागले. छताचा चुना खाली पडला. मग आरोळ्या बदलल्या. "वाघ कसला, मांजर! पळपुटा!" गेल्याच सामन्यात ह्यांनी त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं होतं. पोरगं उठायला धडपडलं, पण मावशीने पकड ढिली केली नाही.

इतक्यात बाहेर पायरीवर ठक्कन आवाज झाला. बदली खेळाडूने टाच आपटली होती. वर एकच जल्लोष उसळला. "सिंह! सिंह!"

पोरगं ऐकतच राहिलं. "लगेच?"

"त्यांना टाच हवी होती रे. कुणाचीही चालते मेल्यांना!" मावशी कडाडली.

त्याने उठायची धडपड सोडली. मग लहान मुलासारखा ओठ काढून म्हणाला, "मावशी, खूप दुखतंय."

"मग इतके दिवस तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस का?" मावशी त्याच्यावर खेकसली, आणि आपले डोळे पुसायचे सोडून बर्फ शोधू लागली.