झऱ्यावरचा दुसरा द्रोण

पायथ्याच्या गावातला आमचा वाटाड्या, धाटावच्या कंपनीत त्याची शिफ्ट नसली की, आम्हां नवराबायकोला अवचितगडावर न्यायचा. गडाचा इतिहास त्याने कधी सांगितला नाही. कुठला दगड हलतो, तेवढं मात्र न चुकता सांगायचा. अर्ध्या चढावरच्या झऱ्याशी पोचला की पानांचे द्रोण करायचा, आम्हां दोघांना एकेक. यांना धाप लागायची, ते मागे राहायचे. त्यांचा द्रोण भरून तो कातळावर ठेवायचा आणि उकिडवा बसायचा. मी घाई केली तर म्हणायचा, "ताई, शेवटचा मानूस पानी प्याला का मंग गड."

हे वारल्यावर यंदा मी पहिल्यांदाच एकटी गेले. पायथ्याशी त्याने विचारलं, "सायेब नाय आले?" त्याला ठाऊकच नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "येतायत मागून."

झऱ्याशी त्याने दोन द्रोण केले. एक मला दिला, दुसरा भरून कातळावर ठेवला आणि उकिडवा बसला.

आता तरी सांगायला हवं होतं. मी त्याच्याशेजारी बसले आणि खालच्या वाटेकडे बघत राहिले.