जीपच्या टपावरचे पत्रे

लातूरच्या भूकंपात मायची मावशी घराखाली गाडली गेली, तेव्हापासून मायनं जड छताखाली झोपणं सोडलं. नांदेडजवळचं आमचं गाव नुसतं हादरलं होतं, तरी अंगणात पत्र्याचं शेड उभं राहिलं आणि आम्ही सगळे त्यात झोपायला लागलो. पुढं मला लातूरला क्लाससाठी ठेवायचं ठरलं, तेव्हाही तिची एकच अट होती: पोरगी पत्र्याखालीच झोपेल. खोलीमालक गच्चीवर शेड टाकू द्यायला तयार झाला. मग वडिलांनी जीपच्या टपावर पत्रे आणि लोखंडी अँगल बांधले, आत माझी पेटी, गादी, ज्वारीचं पोतं.

वडिलांना एक खोड होती. उतार लागला की जीप बंद करून न्यूट्रलमध्ये सोडायची. ‘‘उतार फुकटचा हाय, डिझेल कशाला जाळायचं?’’ हा चिक्कूपणा माझ्या डोक्यात जायचा.

बालाघाटातल्या उतारावरही त्यांनी तेच केलं. जीप सुसाट सुटली. वजनाचा विचार कुणीच केला नव्हता. पहिल्या वळणावर ब्रेक लागला, दुसऱ्यावर जळका वास आला. मग वडील ब्रेकवर पाय दाबत राहिले आणि जीप काही ऐकेना. खाली तिसरं वळण दिसत होतं, त्यापुढं दरी.

‘‘ब्रेक लागून न्हाई राहिला,’’ वडील म्हणाले. आवाज अगदी साधा होता. म्हणूनच मी घाबरले.

माय समोरची दांडी धरून म्हणाली, ‘‘गिअरात घाला वो.’’

गिअरचा दांडा जाईना. आतून नुसता करकर आवाज. वडिलांनी क्लच पुन्हा पुन्हा दाबत टॉप गिअर कसाबसा पाडला. क्लच सोडताच इंजिन खोकलं आणि धरलं. मग तिसरा. मग दुसरा पडला तसा जीपला असा हिसका बसला की टपावरचे पत्रे धडधडत पुढं सरकले आणि बॉनेटवर लोंबायला लागले. इंजिन किंचाळत होतं. मायनं डोळे मिटून घेतले, तिला तो आवाज भूकंपाचाच वाटला असणार. वेग मात्र कमी होत गेला. वळण आम्ही बैलगाडीच्या चालीनं घेतलं.

वडिलांनी गाडी बाजूला घेतली, मागच्या चाकाला धोंडा लावला आणि बराच वेळ त्या धोंड्यावर पाय ठेवून उभे राहिले. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि त्यांना मिठीही मारायची होती. मी दोन्हींतलं काहीच केलं नाही. पुढचा सगळा उतार जीप दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत उतरली.

लातूरला पोचल्यावर वडील दोर सोडायला लागले. ‘‘पत्रे गच्चीवर न्यायचे ना?’’

माय त्या पत्र्यांकडं बघत राहिली. याच भीतीपायी आपण तिघं दरीच्या काठावर गेलो होतो, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

‘‘नको,’’ ती म्हणाली. ‘‘इथंच ठेवा. परत न्यायचे बी न्हाईत.’’

ती खोलीत गेली, माझी गादी पसरली आणि स्लॅबकडं टक लावून आडवी झाली.

‘‘ये, झोप,’’ ती म्हणाली. ‘‘मी हाय.’’