पाहुणीची तर्री

मोबाईलवर एक बाई ‘कमी खर्चात चविष्ट’ शिकवतात. सुरुवात चीज किसण्यापासून होते. मी ते व्हिडिओ मनापासून बघते. बघायला तेल लागत नाही.

अकोल्यात आमचं घर कापसावर चालतं, म्हणजे नवरा अकोटच्या जिनिंगमध्ये रोजावर आहे. हंगाम सरला की जिनिंग बंद, आणि मग ते घरी बसून मला काटकसर शिकवतात. अशाच दिवसांत लेकीने जाहीर केलं, "आई, रविवारी माही मैत्रीण जेवाले येऊन राहिली. अमरावतीची हाये, डॉक्टरची पोरगी. पनीर करजो. तिले आपली गरिबी दिसू देजो नोको." गरिबी म्हणजे जणू शिलाई मशीन, वरून फडकं टाकलं की झाकली.

पनीर राहिलं, मी पाटोडीचा रस्सा केला. बेसनाच्या वड्या झणझणीत रश्श्यात सोडल्या की पाहुणा मटण विसरतो म्हणतात. म्हणणाऱ्यांना मटण परवडत नसतं, ते सोडा. पण आमच्याकडे पाहुण्याचा मान वड्यांत नसतो, तर्रीत असतो. रश्श्यावर लाल तेल तरंगलं नाही तर घराची अब्रू गेली. म्हणून आठवडाभर भाज्या पाण्यावर शिजवल्या आणि वाचवलेलं सगळं तेल रविवारी त्या एका पातेल्यात ओतलं. वाढताना पळी वरवर फिरवली, तर्री सगळी पाहुणीच्या वाटीत गेली. आम्हाला उरला पौष्टिक आहार.

पोरगी गोड होती, हे आणखीच वाईट. हळूच म्हणाली, "काकू, एक रिकामी वाटी द्याल? एवढं तेल आमच्याकडे चालत नाही." आणि चमच्याने तर्री काढायला लागली. इतक्या निगुतीने, की थेंब मागे ठेवला नाही. मी हसत होते आणि मला रडू येत होतं.

"हे टाकून देऊ का?" तिने विचारलं.

लेकीकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. आता ही मला जन्मभर माफ करणार नाही, एवढंच डोक्यात होतं.

लेकीने ती वाटी उचलली. "काहून टाकतं? आमच्या घरी एवढं तेल रोज नाई भेटत," ती मैत्रिणीला म्हणाली आणि सगळी तर्री आपल्या भाकरीवर ओतली. मग त्यातली अर्धी भाकर मोडून माझ्या ताटात ठेवली.

"खाय," म्हणाली.