तिचा रविवारचा आवाज

माझ्या बायकोला दोन आवाज होते. मराठीतला आवाज खणखणीत, तिसऱ्या मजल्यावरून भाजीवाल्याला थांबवणारा. जपानीतला वरच्या पट्टीतला, पण हळू. ‘‘अहो, दूध उतू चाललंय, वाचताय काय!’’ असं मला ओरडून ती फोन उचलायची आणि पलीकडच्या कुणा जपानी बाईशी बोलताना ओट्यापाशीच कमरेत वाकायची. त्या बाईला ते दिसत नसे. मला दिसे. फोन ठेवला की पुन्हा पहिला आवाज. तो दुसरा आवाज असलेली बाई माझ्याशी कधीच बोलली नाही, आणि खरं सांगायचं तर मला तिची ओळख करून घ्यायची फार इच्छा होती.

पनवेलमधल्या जपानी मैत्री मंडळात सगळे तिला सेन्सेई म्हणत. सेन्सेई म्हणजे गुरुजी, बाई, जे काय ते. मी मात्र काका. ती सेन्सेई आणि मी काका, हे नातं कुठल्या शब्दकोशात बसतं ते मला समजलं नाही. शब्दकोश मी बरेच हाताळले आहेत, कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी होती माझी. पुढे मीही तिला घरात सेन्सेई म्हणू लागलो. पोरं आदरानं म्हणत, मी टोमणा म्हणून. तिला दोन्ही चालायचं.

जपानी तिला मिळालं ते तळोज्याच्या कारखान्यात. ती तिथं ऑफिसात होती. एक जपानी इंजिनिअर सहकुटुंब आले, त्यांची बायको दिवसभर फ्लॅटमध्ये एकटी. हिनं तिला मेथी आणि शेपूतला फरक शिकवायला सुरुवात केली आणि बदल्यात भाषा उचलली. ती बाई मायदेशी गेली, भाषा आमच्या घरात राहिली. मग परीक्षा झाल्या, वर्ग झाला, मंडळ झालं. वडाळे तलावाजवळच्या शाळेतली एक खोली रविवारी सकाळी मिळू लागली. भाषा, कागदाच्या घड्या, ब्रशनं अक्षरं, फुलांची मांडणी. मांडणीसाठी ती बाजारातली फुलं कधी आणत नसे. कर्नाळ्याच्या रस्त्याला रिक्षा थांबवून वाळकी फांदी उचलायची. ‘‘तीन काड्यांत माणूस दिसतो,’’ म्हणायची. मला त्यात काड्या दिसत.

रविवार गेला तो गेलाच. पोहे करून, झाकून ती निघायची. एकदा मी विचारलं, ‘‘आज जेवण कोणाकडे, जपानकडे की माझ्याकडे?’’

‘‘जपानकडे पोह्यांवर लिंबू मिळत नाही,’’ ती चप्पल घालता घालता म्हणाली, ‘‘म्हणून येते परत.’’

मला त्या वर्गाचा हेवा वाटायचा. मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात खुर्च्या लावायला मी असे. तिथून मी बघत राही. ती एखाद्या मुलीचं मनगट धरून ब्रश फिरवी आणि चुकलं की दोघी खुदकन हसत. घरी मी कपाट आवरताना चुकलो की हसू वगैरे नाही, सरळ कपाट तिच्या ताब्यात. एकदा तिनं मला घरीच तो हिरवा चहा करून दिला, भांडं हातात फिरवून, सगळं साग्रसंगीत. मी घोट घेतला आणि म्हटलं, ‘‘साखर?’’

‘‘ह्यात साखर नसते. गप्प बसणं असतं. तेवढं तुम्हाला न शिकता येतं.’’

तिच्या आजारपणात तर वर्ग घरचाच झाला म्हणा. दवाखान्यात मुलांनी पाळ्या लावून घेतल्या. रुबिना पनवेलमधलीच, भाऊ आखातात, ही शाळेत शिकवते आणि उरलेला वेळ सेन्सेईंची. मोहन पाटील उरणकडचा, द्रोणागिरीच्या गोदामात कामाला. जिताडा माशाचं कालवण घेऊन आला आणि मला म्हणतो, ‘‘काका, तुमी घरी जा. आमी हाय इथं.’’ माझी बायको, आणि मला घरी पाठवतो! मी तिच्याकडे पाहिलं. ‘‘जा ना खरंच,’’ ती म्हणाली, ‘‘डोळे बघा तुमचे.’’ मी जिना उतरत असताना वरून तिचा दुसरा आवाज ऐकू आला. बारीक झाला होता, तरी रुबिनाचा उच्चार सुधारत होता.

ती गेली तेव्हा ती मुलं तसबिरीपुढे एका रांगेत वाकली आणि बराच वेळ वर आलीच नाहीत. मला तसं वाकता येत नाही. मी कोपऱ्यात खुर्चीवर होतो. लोक त्यांचं सांत्वन करून मग माझ्याकडे येत होते, निदान मला तसं वाटलं.

महिन्यानंतर तिच्या पर्समध्ये त्या खोलीची चावी सापडली. रविवार पाहून मी ती द्यायला गेलो. वर्ग सुरू होता, आता रुबिना घेते. पुढे नवी मुलं, मागे मदतीला मोहन.

‘‘काका, चावीसाठी एवढ्या उन्हात? आमच्याकडे दुसरी आहे. बसा, पाच मिनिटं,’’ रुबिना म्हणाली.

बसलो. ती एक वाक्य जपानीत म्हणे, मुलं ते म्हणत, मग एकजण मराठीत अर्थ सांगे.

‘‘माझे पती पुस्तक वाचतात.’’

‘‘माझे पती चहात साखर जास्त घेतात.’’

मोहन तोंडावर हात ठेवून हसायला लागला. मी वळून पाहिलं.

‘‘काय करनार काका,’’ तो म्हणाला, ‘‘आमी सगळे तुमच्यावरच शिकलो. तुमच्याबिगर एक धडा नाय.’’

पहिल्या बाकावरच्या मुलीनं माझ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. ‘‘म्हणजे हे तेच?’’

रुबिना संकोचली, पण तास तास असतो. तिनं पुढचं वाक्य घेतलं. मुलांनी ते एका सुरात म्हटलं, आणि त्या मुलीनं माझ्याकडेच बघत अर्थ सांगितला. ‘‘माझे पती बोलत नाहीत, पण ते रागावलेले नसतात.’’ मग आणखी एक. ‘‘माझे पती घरी असले की मला शांत झोप लागते.’’

हे मला नवीन होतं. इतकी वर्षं एका छपराखाली काढून हे मला नवीन होतं, आणि कळंबोलीपासून करंजाड्यापर्यंतची पोरं ते घोकून पास झाली होती. मिरच्या झोंबल्यासारखं झालं मला. किती तुकड्यांना सांगितलंस तू हे, आणि मला एकदाही नाही?

‘‘आम्ही विचारायचो त्यांना,’’ रुबिना हळूच म्हणाली, ‘‘सेन्सेई, काकांना हे माहीत आहे का? तर म्हणायच्या, मराठीत सांगायला लाज वाटते गं. जपानीत जमतं.’’

मग तिनं, बहुधा मला बरं वाटावं म्हणून, ते शेवटचं वाक्य पुन्हा सावकाश उच्चारलं आणि म्हणाली, ‘‘काका, तुम्ही म्हणा. ‘पती’च्या जागी ‘पत्नी’ घाला.’’ तो शब्दही तिनं सांगितला. मी तो ओठांशी आणला. पुढे काही येईना.

मी तसाच बसून राहिलो. खालून रिक्षांचे हॉर्न येत होते. कुणी चुळबुळ केली नाही, कुणी पाणी पुढे केलं नाही, कुणी ‘राहू दे काका’ म्हटलं नाही. ती कालपरवा आलेली पोरंसुद्धा हात मांडीवर ठेवून, ताठ बसून, निवांत थांबली होती. माझं गप्प बसणं त्यांना पाठ होतं.