नव्वद गाठींचं युद्ध

मका सरांचं खरं नाव त्यांच्या लग्नपत्रिकेत सापडेल. एरवी ते कोणाच्या लक्षात नाही. तोंडावर सगळे नुसतं ‘सर’ म्हणतात आणि पाठ वळली की ‘मका’. नाव मुलांनी ठेवलं, शेजाऱ्यांनी गल्लीभर फिरवलं, आणि घरी शिलाई मशीन चालवणाऱ्या त्यांच्या बायकोने ते एकदा भांडणात वापरून कायमचं पक्कं केलं. कारणही तसंच होतं. वॉशिंग मशीनमधून पाणी जाईना म्हणून तिने जाळी काढली, तर आत मक्याचे चार दाणे चांगले बोटभर कोंब काढून बसलेले. सरांच्या शर्टाच्या खिशातून गेलेले.

“अहो, शेती करायची तर बाहेर करा. माझ्या मशीनला तरी सोडा.”

“उगवले ना पण,” सर म्हणाले. त्यांना अपराध दिसलाच नाही, कोंब दिसले.

माणूस तसा गरीब गाय. इतिहास शिकवतो, आवाज चढवत नाही, घरात एकही लढाई जिंकल्याची नोंद नाही. पण सातवीच्या पुस्तकात माया, अ‍ॅझ्टेक आणि इंका लोकांवर सहा पानांचा एक धडा आहे, तो आला की याच माणसाच्या अंगात येतं. बाकीचे शिक्षक तो दोन तासांत उरकतात. सरांना अख्खं सत्र लागतं. मग उरलेला जगाचा इतिहास ते शेवटच्या पंधरा दिवसांत कोंबून भरतात, आणि त्या चेंगराचेंगरीत दरवर्षी दोन-तीन साम्राज्यं दगावतात.

हा धडा वर्गात होत नाही. शाळेच्या मागे, पाण्याची टाकी आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये एक चिंचोळी पट्टी आहे. एका टोकाला उतार, दुसऱ्या टोकाला टाकीच्या गळतीने झालेला कायमचा चिखल. कोणाच्याही दृष्टीने ती वाया गेलेली जागा. सरांच्या दृष्टीने उतारावर इंकांचे डोंगर आणि चिखलात अ‍ॅझ्टेकांचं तळं. एवढी सोय देवानेही कोणा इतिहासाच्या शिक्षकाची केली नसेल.

पण मोठ्या बाईंचा, म्हणजे मुख्याध्यापिकांचा, याच जागेवर डोळा होता. त्यांना तिथे फरशी घालून स्कूटरी लावायच्या होत्या. एक दिवस त्यांनी सरांना बोलावलं.

“सर, या सत्रात तपासणीला साहेब येणार आहेत. त्यांना ती जागा कामाची वाटली तर राहील. नाही वाटली तर फरशी. आणि सातवी अ आणि ब च्या मारामारीची एक जरी तक्रार माझ्याकडे आली, तर साहेबांचीसुद्धा वाट बघणार नाही. तुम्हीच त्यांना लढाया शिकवता.”

हे शेवटचं वाक्य सरांच्या फार जिव्हारी लागलं. सातवीच्या दोन्ही तुकड्यांचं भांडण सर शाळेत येण्याच्याही आधीपासूनचं होतं. दोघांचे दरवाजे एकाच बोळात समोरासमोर, दोघांना मिळून पाण्याचा एकच नळ. मूळ कारण काय हे कोणालाच आठवत नव्हतं, पण म्हणून कोणी लढायचं थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी दोन्ही तुकड्या पट्टीवर एकत्र उभ्या केल्या.

“अ‍ॅझ्टेकांचा सैनिक कोण होता?” त्यांनी विचारलं. “बहुतेक शेतकरीच. तोच पेरायचा, तोच खुरपायचा, तोच लढायचा. मग पेरणीच्या वेळी राजाने युद्ध काढलं तर?”

“उपाशी मरतील,” अ ची म्होरकी म्हणाली. तिला फौजदार म्हणत, कारण तिच्या हातून कोणी सुटत नसे.

“बरोबर. म्हणून मोठी युद्धं पीक घरात आल्यावर. आपणही तसंच करायचं. मका लावायचा. मका तयार होईपर्यंत दोन्ही तुकड्यांमध्ये एक चिमटासुद्धा नाही.”

मुलांनी इतक्या पटकन माना डोलावल्या की दुसऱ्या कोणाला संशय आला असता. सरांना भरून आलं.

“आणि मग?” ब चा सेनापती ढब्बू म्हणाला. हा नावाप्रमाणे गोल आणि स्वभावाने शांत, पण हिशोबाला पक्का.

“मग काय,” सर ओघात म्हणून गेले, “मग युद्ध.”

“तारीख?”

आता इथे शहाणा माणूस कॅलेंडर काढतो. सरांनी दोरी काढली. इंका लोक दोरीला गाठी मारून मोजदाद ठेवत, हे सांगायची संधी चालून आली होती, ती ते कसले सोडतात. मका साधारण नव्वद दिवसांत तयार होतो म्हणून त्यांनी नव्वद गाठी मारल्या, दोरी खिडकीला टांगली आणि रोज एक गाठ सोडायची असा कायदा केला. नव्वदावा दिवस कोणत्या तारखेला येतो हे बघायचं मात्र राहून गेलं.

खरं सांगायचं तर ते दिवस फार छान गेले. अ ने फुटक्या विटा रचून उतारावर तीन पायऱ्या बांधल्या. त्यातली मधली दोनदा कोसळली, तेव्हा इंकांबद्दल सगळ्यांच्या मनात एकदम आदर निर्माण झाला. ब ने चिखलात चर खणले आणि मधल्या गादीवाफ्यांवर गाळ उपसून टाकला. अ‍ॅझ्टेक लोक तळ्यात अशीच शेतं करत असत. माया लोकांसारखं मक्याच्या जोडीला घेवडा आणि भोपळाही लावला.

“म्हणजे सर,” ढब्बूने समजून घेतलं, “मका उभा राहतो, घेवडा त्याच्या खांद्यावर चढतो आणि भोपळा खाली पसरतो. आमच्या घरी अगदी असंच आहे.”

“भोपळा कोण?”

“काका. तीन वर्षं झाली आलेत.”

गडबड झाली ती चिलखतांपायी. तिकडचे योद्धे सुती कापडात कापूस भरून जाड अंगरखे घालत, असं सरांच्या तोंडून निसटलं आणि दोन्ही सेनापतींना ते हवेच झाले. आठवड्याने सरांच्या बायकोने झोपताना डोकं टेकलं ते थेट पलंगाच्या फळीवर. उशी जागेवर होती, आतला ऐवज नव्हता. तिने नवऱ्याची उशी चाचपली. तीही पोकळ.

सकाळी तिने कपाटामागून दोन अंगरखे ओढून काढले. गल्लीतल्या लोकांना दुसऱ्याच्या घरात कान लावायची मुळीच सवय नाही, पण खिडकी उघडी होती.

“हे टाके कोणी घातले?”

“मीच. का?”

“युद्धावर जाण्याआधीच सैनिक उसवेल. सरका.” आणि तिने मशीनवर दोन्ही अंगरख्यांना चौकडीची पक्की शिवण मारून दिली. दोन्ही बाजूंना माल पुरवायचा आणि स्वतः लांब राहायचं, हे राजकारण तिला उपजतच कळत होतं. “पण माझी उशी मला परत पाहिजे. होती तशी.”

अकरा गाठी उरल्या असताना साहेबांच्या तपासणीचं पत्र आलं. सरांनी तारीख वाचली, खिडकीकडे पाहिलं, बोटांवर दिवस मोजले आणि मटकन खुर्चीत बसले. साहेब येणार तो दिवस आणि शेवटची गाठ सुटायचा दिवस एकच होता.

मधल्या सुट्टीत, आसपास कोणी नाही असं बघून, त्या पापभीरू माणसाने आयुष्यातलं पहिलं पाप केलं. दोरीला एक जास्तीची गाठ मारली.

“सर,” मागून फौजदार म्हणाली, “ती सोडा.”

“कोणती?”

“आत्ता मारलीत ती. आमच्याकडे दुसरी दोरी आहे. ब कडे तिसरी आहे. तुम्हीच सांगितलं होतं ना, राजावर कोणी विसंबू नये.”

असं त्यांनी कधी सांगितलं होतं ते त्यांना आठवेना, पण वाक्य त्यांचंच वाटत होतं. त्यांनी गाठ सोडली आणि तहाला बसले. एक तासाच्या वाटाघाटीत इतकंच पदरात पडलं: साहेब सकाळी दहाला येऊन बाराला जातील, युद्ध दुपारी एकला. मारायचं नाही. अ‍ॅझ्टेकांच्या लढायांमध्ये शत्रूला जिवंत पकडण्यात मोठी शान असे, म्हणून इथेही पकडायचंच. दोन्ही हात खांद्यांवर टेकले की माणूस कैदी. कैद्याने घंटा होईपर्यंत पकडणाऱ्याच्या शेतात काम करायचं.

“आणि तिकडे पुढे कैद्यांचं काय करायचे?” ढब्बूने विचारलं.

सर तहावरून उठले. “ते आठवीत.”

तो दिवस उजाडला. मोठ्या बाईंनी सकाळीच सांगितलं, “मागच्या टाकीची गळती साहेबांना दिसता कामा नये. प्लंबरला बोलावलंय, मागच्या फाटकाने येईल.” सरांनी मनात हिशोब केला. गळती थांबली की ब चं तळं आटलं. दहा वाजले, अकरा वाजले. ना साहेब ना प्लंबर. साडेबाराला बाई म्हणाल्या, “आता कुठले येतायत,” आणि ऑफिसात जाऊन बसल्या. एक वाजता फौजदारने शेवटची गाठ सोडली.

सर स्टुलावर चढून पंच म्हणून उभे होते. पहिल्या पाच मिनिटांत ढब्बूचं चिलखत चिखलाने दुप्पट जड झालं आणि त्याला एका जागी उभं राहून लढावं लागलं. तरी जो जवळ येईल तो कैदी होत होता. पायऱ्यांवर ब ची सात मुलं विटा वाहत होती. चिखलात अ ची नऊ मुलं गाळ उपसत होती. कोणी कोणाला मारत नव्हतं, फक्त आरडाओरडा भरपूर होता.

तेवढ्यात मागच्या फाटकातून एक गृहस्थ स्कूटर ढकलत आत आले. जागा सपाट दिसली तिथे त्यांनी ती लावली, पँट दोन घड्या वर केली, हातातली जाड बॅग सावरली आणि मान वर करून टाकीकडे बघू लागले.

सरांनी ओळखलं. प्लंबर.

त्यांनी फौजदारकडे बघून भुवई उडवली. एवढंच. पुढे विचारलं असतं तर भुवईला खाज आली होती म्हणाले असते. क्षणात दोन हात त्या गृहस्थांच्या खांद्यांवर होते.

“काका, तुम्ही कैदी.”

“कोणाचा?”

“अ चा.”

“गुन्हा काय?”

“गुन्हा लागत नाही काका. हात लागले की झालं.”

गृहस्थांनी स्टुलावरच्या सरांकडे पाहिलं. सर अधिकाराने म्हणाले, “वरच्या पायरीला तीन कॅन पाणी घाला. आणि टाकीला हात लावू नका. त्या गळतीवर आमची अख्खी संस्कृती उभी आहे.”

माणूस कमी बोलणारा होता. त्याने बॅग भिंतीला टेकवली आणि कॅन उचलला. दुसऱ्या फेरीला तो फौजदारला सांगत होता की घेवड्याचा वेल मक्याला फार आवळून बांधलाय, दोरा सैल करा. कामाचा माणूस आहे, सरांना वाटलं, प्लंबर असूनही.

मग आवाज ऐकून मोठ्या बाई आल्या. त्यांनी चिखल पाहिला, चिलखतं पाहिली, आणि कॅन घेतलेल्या माणसाकडे पाहून त्यांच्या तोंडून कसंबसं निघालं, “साहेब?”

सर स्टुलावरून उतरले. खाली जमीन आहे की नाही हे बघायचंही त्यांना भान राहिलं नाही, आणि नव्हतीच, चर होता.

“बाई, एक कॅन बाकी आहे त्यांचा,” फौजदार म्हणाली.

“हो, एक राहिलाय,” साहेब म्हणाले आणि तोही घालून आले.

“सर,” बाई चराच्या काठाशी येऊन म्हणाल्या, “मारामारी झाली तर काय करायचं ठरलं होतं आपलं?”

सर चरात गुडघाभर उभे होते. तेव्हा ढब्बू पुढे झाला, जेवढा त्या चिलखतात होता येतं तेवढा.

“बाई, मारलं कोणीच नाही. कैद्याला मारून ठेवलं तर गाळ कोण उपसणार?”

साहेबांनी रिकामा कॅन खाली ठेवला. मग विचारलं, “या जागेचं काय ठरवलंय?”

“फरशी घालून स्कूटरी लावणार,” बाई म्हणाल्या.

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. साहेबांची स्कूटर ब च्या सर्वांत चांगल्या वाफ्यात मागच्या चाकाच्या आसापर्यंत रुतून बसली होती, आणि भोपळ्याच्या वेलात अर्धी दिसत नव्हती.

ती काढायला दोन्ही तुकड्या लागल्या. अ ची दोरी हँडलच्या डावीकडे बांधली, ब ची उजवीकडे, दोन्ही आता बिनगाठीच्या. कैदी कोण आणि धनी कोण हे त्या ओढाओढीत विसरलं गेलं. तिसऱ्या हिसक्याला स्कूटर सुटली आणि पन्नास पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. साहेबांनी पाय धुतले ते टाकीच्या गळतीखालीच. नंतर बाईंना तपासणीचा अहवाल मिळाला, त्यात या पट्टीबद्दल दोनच वाक्यं होती: ‘जागा दुचाकींसाठी अयोग्य. मका चांगला आहे.’ एवढ्या मोठ्या साम्राज्यांनासुद्धा इतक्या स्वस्तात विजय क्वचित मिळाला असेल.

खरा प्लंबर दुसऱ्या दिवशी आला. सरांनी त्याला सावलीत बसवून तळ्यातली शेती दोन तास समजावली. तो पाना बाहेर न काढता परत गेला, आणि पुन्हा आला नाही.

पण हे नंतरचं. त्या दिवशी संध्याकाळी सर घरी आले ते खिशात एक कणीस आणि बगलेत चिखलाने थबथबलेले दोन अंगरखे घेऊन. बायकोने मशीन थांबवलं, उठली, त्यांच्या मागे गेली आणि दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर टेकवले. युद्धाचे नियम गल्लीत आधीच पोचले होते.

“कळलं ना?” ती म्हणाली.

“कळलं,” सर म्हणाले.

मग साम्राज्य वाचवून आलेला तो माणूस अंगणात बसून ओला कापूस पिंजत राहिला, आणि घंटा कधी व्हायची हे विचारायची त्याची छाती झाली नाही.