निखाऱ्यांवरचं पॉट पाय

मी जन्मात कधी चिकन खाल्लेलं नाही. माहेरी सगळ्यांच्या गळ्यात माळ. लग्न होऊन आले तेव्हा ह्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "मी खाणार, पण तुझ्या स्वयंपाकघरात आणणार नाही." ते त्यांनी शेवटपर्यंत पाळलं. बोरगाव मेघेतल्या आमच्या घरामागे तीन विटांची चूल होती आणि एक जर्मनचा गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं मोठं पातेलं, होता. दर रविवारी हे आणि मुलगा तिथंच शिजवायचे, तिथंच जेवायचे. मी आत वरणभात खायची. त्यांचं हसणं मागच्या खिडकीतून ऐकू यायचं.

ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा कॅनडात. सूनही तिथंच नोकरी करते. मी शाळेतून निवृत्त झाले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. हिवाळ्यात इथले सकाळचे साडेपाच वाजले की तिथं संध्याकाळचे सात वाजलेले असतात. त्या वेळी तो व्हिडिओ कॉल करतो. मी पलंगावर शाल पांघरून चहा घेत असते आणि तो जेवत असतो.

गेल्या वर्षभरात त्याच्या पुढ्यात मला एकच पदार्थ दिसायचा. चकाकत्या कागदाची वाटी, तिच्यावर तांबूस भाजलेलं झाकण. तो चमच्यानं झाकण फोडायचा आणि वाफ निघायची.

"काय रे ते?"

"चिकन पॉट पाय. आत चिकन, गाजर, मटार. वरून मैद्याची पोळी असते."

"आवडतं वाटतं तुला."

"थंडीत बरं लागतं."

"ती जेवली?"

"कामावर आहे अजून."

ती कामावरच असायची. तिकडच्या नोकऱ्या तशाच असतात, असं मी धरून चालले. मग तो विचारायचा, "तू आज काय करणार?" मी म्हणायची, "अरे, मला कुठं वेळ आहे? दुपारी भजनी मंडळ, संध्याकाळी फिरायला." फोन ठेवला की दिवस तसाच पुढ्यात पडलेला असायचा. मंडळात मी दोन वर्षांत पाऊल टाकलेलं नव्हतं. बरोबरीच्या दोघी मुलांकडे पुण्याला गेल्या, एक वारली, आणि नव्या बायकांत मला बसवेना. एखाद्या दिवशी तर दूधवाल्याशी बोलले तेवढंच काय ते बोलणं.

या जानेवारीत तो आला, एकटाच. तिला सुट्टी मिळाली नाही म्हणाला. घरात माणूस आलं तरी घर बोलकं झालं नाही. तो उशिरापर्यंत झोपायचा, मग अंगणात खुर्ची टाकून फोन बघत बसायचा. मी भरीत केलं, पाटवड्या केल्या. "छान झालंय, आई," म्हणून अर्ध्यावर उठायचा. चार दिवस असं पाहिल्यावर मी ठरवलं, याला जे आवडतं तेच करायचं.

शेजारच्या घरी माझ्याच वयाची एक बाई राहते. तिच्या सासऱ्यांनी नालवाडीकडची थोडी जमीन विकून हे घर बांधलं. उरलेल्या शेतात तिचा नवरा अजून रोज जातो. मी तिला कुंपणावरून हाक मारली.

"मले चिकन करायचं आहे," म्हटलं. तिच्याशी बोलताना माझ्याही तोंडात तिचीच बोली येते.

ती बघतच राहिली. "तुमाले, मॅडम?"

"मुलासाठी. पॉट पाय म्हणतात त्याले."

"पोट का पाय?" ती म्हणाली. "कोंबडीचं नेमकं काय आणायचं थे तर सांगा!"

कितीतरी दिवसांनी मी मोठ्यानं हसले.

आमच्याकडे ओव्हन नाही. दिवाळीत नानकटाईचं पीठ ज्या बेकरीत नेऊन देते, तिथं आधी जाऊन विचारलं. मालक मला चांगला ओळखतो. त्यानं हात जोडले. "मॅडम, नानकटाई कितीबी आणा. चिकन भट्टीत घातलं तर बाकीच्या बाया पीठ घेऊन येनार नाई." खरंच होतं त्याचं. मीच आले नसते.

परत आले तर शेजारीण म्हणाली, "बेकरी कायले पाह्यजे? रोडगे कशे भाजतो आपण? तसंच भाजू. खाली आर, वर आर."

कणकेचे रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजायचे, हे मी लहानपणापासून पाहत आले होते. पण कॅनडातला पदार्थ तसा भाजता येईल हे तिलाच सुचलं.

दुसऱ्या दिवशी मुलगा जुन्या मित्रांना भेटायला सिंदी मेघेला गेला. आम्ही दोघी चिकनच्या दुकानात गेलो. मी रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले, सगळं तिनंच घेतलं. मागच्या खोलीतून मी तो गंज काढला. राखेनं घासला, तरी बुडाचा काळा थर गेला नाही. तीन विटा जागच्या जागी होत्या, त्यांच्यात गवत वाढलं होतं. ते उपटताना मला वाटलं, हे असते तर म्हणाले असते, "सरक, तुला नाही जमायचं."

चिकन तिनं उकडलं. ते हाडांवरून सोडवायचं तेव्हा तिची देवापुढे दिवा लावायची वेळ झाली होती. "मी आलीच," म्हणून ती घरी गेली. मी थोडा वेळ ताटाकडे नुसती बघत बसले. मग हात धुतले आणि सोडवायला घेतलं. किळस येईल असं वाटलं होतं, आली नाही. कोमट होतं, लांब लांब धागे निघत होते. कोणीतरी पाहत असावं असं मात्र फार वाटलं.

ती परत आली तोवर मी गंजात लोण्यावर मैदा परतून दूध ओतलं होतं आणि त्यात चिकन, गाजर, मटार सोडले होते.

"चिकनमंदी दूध? काऊन नासवून राह्यल्या, मॅडम?"

"तसंच असतं ते, मी फोनवर पाहिलंय. तू मीठ बघ."

तिनं तळहातावर थेंब घेऊन चाटला. "मीठ बराबर हाय. पण गोडंच लागून राह्यलं. मिरची?"

"मिरची नाही. मिरे."

तिनं माझी नजर चुकवून लसूण टाकलाच. मला दिसलं, मी बोलले नाही.

पोळी मात्र माझी होती. शंकरपाळ्यांसारखं तुपाचं मोहन घालून मैदा घट्ट मळला, जाडसर लाटला, गंजाच्या तोंडावर पसरला आणि करंजीला घालतो तशी कडेनं मुरड घातली. गंज चुलीतल्या निखाऱ्यांवर, वर जड झाकण, झाकणावरही निखारे. अर्ध्या तासानं शेजारणीनं चिमट्यानं झाकण उचललं तर पोळी एका बाजूला करपली होती, बाकी तांबूस फुलली होती. "झाला तुमचा पाय," ती म्हणाली. मी तिला जेवायला थांब म्हटलं. "मायलेकरं जेवा निवांत," म्हणून ती गेली.

मुलगा साडेसातला आला. मी गंज आतल्या टेबलावर आणून ठेवला होता. आयुष्यात पहिल्यांदा तो गंज माझ्या स्वयंपाकघरात आला होता.

"हे काय, आई?"

"तुझं पॉट पाय."

तो उभाच राहिला. मग बसला. मी वाढलं, समोर माझा वरणभात घेतला. त्यानं पोळी फोडली, एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. खाली मान घालून तो खातच राहिला.

"मीठ कमी आहे का?"

"नाही. तुला का वाटलं मला हे आवडतं?"

"रोज खातोस ना."

"आई, ते दुकानात गोठवलेलं मिळतं. एका माणसापुरतं. डब्यातून काढायचं आणि गरम करायचं. दुसरं काही करायचा कंटाळा येतो म्हणून खातो."

"एका माणसापुरतं?" मी विचारलं.

तो ताटाकडे पाहत होता. "ती गेली, आई. मार्चमध्येच. दुसऱ्या शहरात राहते आता. भांडण वगैरे काही नाही. कागदपत्रं चालू आहेत."

मार्च. म्हणजे होळीपासून. तेव्हापासून किती सकाळी मी त्याला ती जेवली का म्हणून विचारलं असेल, आणि तेवढ्या वेळा त्यानं तिला कामावर पाठवलं असेल. मला राग यायला हवा होता. पण डोळ्यांसमोर तो नुसता ती वाटी हातात घेऊन बसलेला दिसत होता.

"मला सांगायचं नाही?"

"तू इथं मजेत होतीस. मंडळ, मैत्रिणी. तुला कशाला घोर लावायचा?"

माझ्या ओठांवर आलं होतं. दोन वर्षांचं सगळं सांगून टाकावं, म्हणजे दोघांचंही मोकळं होईल. तेवढ्यात त्यानंच विचारलं, "तू बरी आहेस ना इथं? खरं सांग. मी परत येऊ का?"

तिथं त्याची नोकरी आहे, घराचे हप्ते आहेत. आणि इथं येऊन तो त्याच खुर्चीत फोन बघत बसणार, हे चार दिवसांत मला दिसलं होतं.

"मला काय धाड भरलीय?" मी म्हटलं. "तू जेव."

त्यानं आणखी वाढून घेतलं. करपलेली बाजूसुद्धा खाल्ली. जेवण झाल्यावर गंज घासायला घेतला, मी नको म्हणत असताना. मागच्या नळाखाली बराच वेळ घासत होता. मी खिडकीशी उभी होते. त्याचे खांदे हलत होते. घासण्यानं की रडण्यानं, ते मला कळलं नाही, आणि मी बाहेर गेले नाही. जायला हवं होतं, असं अजून वाटतं.

आठवड्यानं तो गेला. गाडी पहाटेच नागपूरच्या विमानतळाकडे निघाली. त्या दिवशी नणंदेचा फोन आला. सुनेबद्दल विचारलं, मी कामाचं कारण सांगून टाकलं. माझा आवाज जराही अडखळला नाही, याचं मलाच नवल वाटलं.

दुपारी शेजारीण आली, पदरात तुरीच्या शेंगा घेऊन.

"आवडलं का पोराले?"

"सगळं संपवलं त्यानं."

"मंग! पुढच्या बारीले सुनेलेबी घेऊन याले सांगजा. दोन गंज करू."

माझी नजर अंगणातल्या त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे गेली. तिनं माझ्याकडे पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं. मग पायरीवर बसली, शेंगा मधे ओतल्या आणि थोड्या माझ्याकडे सारल्या. मीही खाली बसले. ऊन कुंपणापलीकडे जाईपर्यंत आम्ही दोघी शेंगांतले सोले काढत राहिलो.